कोकणात कुस्तीचं बुकिंग: हा गेम आपल्याला पहिल्यांदा सापडला कसा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मे महिन्यात आणि गणपतीत गावी आलं की 'एक्स्ट्रीम वॉरफेअर' हा कुस्तीची कंपनी चालवायचा कॉम्प्युटर गेम नव्याने खेळणारी मंडळी भेटतात आणि प्रश्न साधारण तेच असतात. जुन्या खेळाडूंच्या आठवणी मी गेली बरीच वर्षं ऐकून, लिहून ठेवतो आहे. बहुतेक माणसं सावंतवाडी, कुडाळ, मालवण, कणकवली या पट्ट्यातली, थोडी रत्नागिरी-चिपळूणची, काही दापोलीची. त्यांनी सांगितलेलं आणि मी स्वतः पाहिलेलं इथे एकत्र केलं आहे.

एक्स्ट्रीम वॉरफेअर म्हणजे नक्की कोणता गेम?

अ‍ॅडम रायलंड या ब्रिटिश प्रोग्रॅमरने केलेली ही मालिका आहे. तिची सुरुवात १९९५ची. आपल्याकडे जो पहिल्यांदा पोचला तो २००२चा 'एक्स्ट्रीम वॉरफेअर रिव्हेंज', म्हणजे आपण ज्याला नुसतं ईडब्ल्यूआर म्हणतो तो. तो पूर्ण फुकट होता. २००४ मध्ये 'टोटल एक्स्ट्रीम वॉरफेअर' आला, तो विकतचा. २००५ पासून ही मालिका ग्रे डॉग सॉफ्टवेअरकडून येऊ लागली आणि पुढे नावातलं 'वॉरफेअर' जाऊन 'रेसलिंग' आलं. आजचे खेळाडू टीईडब्ल्यू म्हणतात ते हेच.

यात मारायचं बटणच नाही. मग खेळायचं काय?

हा प्रश्न पहिल्या दिवशी प्रत्येकाने विचारलेला आहे. कुडाळच्या एका मित्राच्या मामेभावाचं पहिलं वाक्य आम्हा सगळ्यांच्या लक्षात आहे: "अरे, ह्येच्यात मारूचा बटण खंय आसा?"

यात तुम्ही पैलवान नसता. तुम्ही कंपनीचे बुकर असता. कोण कोणाशी लढणार, कोण जिंकणार, पट्टा कोणाच्या कमरेला जाणार, कोणाला महिनाभर माइक द्यायचा आणि कोणाला मागे ठेवायचं, हे सगळं तुम्ही ठरवता. गेम त्या ठरवण्याचा हिशोब मांडतो आणि शो संपल्यावर प्रत्येक लढतीला शंभरपैकी गुण देतो.

ईडब्ल्यूआरमध्ये एखादा पैलवान उघडला की त्याच्या नावापुढे रांगेने आकडे दिसायचे: हाणामारी, तंत्र, वेग, मार किती खरा बसतो, समोरच्याचा मार किती खरा वाटायला लावतो, करिष्मा, स्वभाव, वागणूक. आणि सगळ्यांत महत्त्वाचा 'ओव्हरनेस', म्हणजे लोकांनी त्याला किती डोक्यावर घेतलंय. लढतीनंतर तीन आकडे यायचे, एक एकूण दर्जाचा, एक प्रेक्षकांच्या प्रतिसादाचा आणि एक प्रत्यक्ष लढतीच्या कसबाचा. प्रतिसाद ८५ आणि कसब ५२ असं आलं की समजायचं, नाव मोठं आहे पण हातात काही नाही. उलटं आलं, कसब ८० आणि प्रतिसाद ४०, तर समजायचं की हिरा सापडलाय, आता त्याला लोकांपुढे आणायचं काम आपलं. ज्याला हे उलटे आकडे पाहून हुरूप आला, तो या गेममध्ये अडकला. माझ्या माहितीतले सगळे जुने खेळाडू तिथेच अडकले.

एक कार्ड, म्हणजे एका शोमधल्या लढतींची यादी, कसं लावतात ते सांगतो. समजा तुमच्याकडे सहा लढती आहेत. पहिली हलकीफुलकी आणि वेगवान ठेवायची, म्हणजे लोक जागे होतात. दुसऱ्या-तिसऱ्या जागेवर कसबी पण अजून नाव न झालेली जोडी घालायची. दोन जबरदस्त लढती पाठोपाठ लावल्या तर प्रेक्षक थकतात आणि तिसऱ्याला टाळी मिळत नाही, म्हणून मध्ये श्वास घ्यायला जागा ठेवायची. शेवटच्या लढतीचं वजन सगळ्यांत जास्त, ती पडली तर अख्खा शो पडतो. आणि काही जोड्यांची केमिस्ट्री मुळातच जमत नाही. दोघंही उत्तम असतात, पण एकत्र आले की फिसकटतं. ते आधी कुठेच लिहिलेलं नसतं, लावून बघितल्याशिवाय कळत नाही.

कोकणात हा गेम पहिल्यांदा आला कसा?

चाकरमान्यांच्या बॅगेतून. याला माझ्याकडे दुसरं उत्तर नाही, आणि मी भरपूर लोकांना विचारलंय.

२००२-०३ मध्ये आपल्या गावांत इंटरनेट जवळपास नव्हतंच. तालुक्याच्या ठिकाणी डायल-अपवर चालणारं एखादं सायबर कॅफे, बाकी काही नाही. डोंबिवली, लालबाग, भांडुप, विरारच्या आते-मामेभावांकडे मात्र कॉम्प्युटर आले होते आणि त्यांच्यातल्या कोणाकडे तरी सीडी रायटर होता. गणपतीला कोकणकन्येने किंवा एसटीने येताना ते सीडी घेऊन यायचे. त्यात गाणी, दोन-तीन सिनेमे, एखादा रेसिंगचा गेम आणि कुठल्या तरी कोपऱ्यात ईडब्ल्यूआरचं फोल्डर. गेम मुळात फुकट आणि काही एमबींचाच, त्यामुळे सीडीत उरलेल्या जागेत सहज बसायचा. पुष्कळांनी तो मुद्दाम आणलाच नव्हता. भावाच्या फोल्डरमध्ये होता म्हणून आला.

कणकवलीजवळच्या एका घरातली गोष्ट मला तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितली आहे, कारण ते तिघेही तिथे हजर होते. गणपतीचं जागरण, बाहेर पडवीत भजन चाललेलं, आणि माजघरातल्या टेबलावर, पावसाच्या ओलीपासून जपायला प्लॅस्टिकचं कव्हर घातलेला कॉम्प्युटर. मुंबईच्या दादाने कव्हर काढलं, सीडी घातली आणि सगळ्यांना विचारलं, "आज रॉकला हरवायचं का?" पाच-सहा पोरं मागे उभी. एकाच्या हातात माऊस, बाकीचे ओरडून निर्णय देणारे. पहाटेच्या आरतीपर्यंत त्यांनी गेममधला एक अख्खा महिना चालवला. दादा अनंत चतुर्दशीनंतर मुंबईला गेला आणि गेम तिथेच राहिला. पुढच्या गणपतीला तो आला तेव्हा पोरं त्याच्यापेक्षा कितीतरी पुढे गेली होती.

हा एकत्र खेळण्याचा भाग मला फार मोलाचा वाटतो. एकट्याने खेळायचा म्हणून बनवलेला गेम आपल्याकडे पहिल्या दिवसापासून चार डोक्यांनी खेळला गेला.

एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये हा गेम चालायचा, हे खरं का?

खरं. एमएस-सीआयटी २००१ मध्ये सुरू झालं आणि तालुक्या-तालुक्यात सेंटरं निघाली. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता त्यांच्यासाठी तीच पहिली जागा. ईडब्ल्यूआर दिसायला एखाद्या ऑफिसच्या सॉफ्टवेअरसारखा, सगळीकडे याद्या, चौकटी आणि आकडे. गाडी पळवणारा गेम लांबूनही ओळखू यायचा, हा नाही. सावंतवाडी आणि राजापूर, दोन्हीकडच्या लोकांनी मला हेच सांगितलं.

त्याआधी कुस्तीची आवड लागली कुठून?

टीव्हीवरून आणि पत्त्यांवरून. नव्वदच्या दशकात केबल आली आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन कंपनीची कुस्ती घराघरात दिसू लागली. एप्रिल २००२ मध्ये टेन स्पोर्ट्स हे चॅनल सुरू झालं आणि ती जागा त्याने घेतली. त्याच वर्षी मे महिन्यात डब्ल्यूडब्ल्यूएफचं डब्ल्यूडब्ल्यूई झालं, तरी गावात अजूनही पुष्कळ जण जुनंच नाव घेतात.

पण केबल प्रत्येक वाडीत नव्हती. जिथे नव्हती तिथे ट्रम्प कार्ड होती. उंची, वजन, छाती, दंड, रँक. शाळेच्या मधल्या सुट्टीत हे आकडे पाठ असलेली पोरं मी पाहिली आहेत, ज्यांनी एकही लढत प्रत्यक्ष बघितलेली नव्हती. आकड्यांवरून माणूस डोळ्यांपुढे उभा करायची सवय तिथेच लागली. ईडब्ल्यूआरच्या पडद्यावरच्या याद्या त्यांना रूक्ष वाटल्या नाहीत, याचं कारण मला तेच वाटतं.

आमच्या आजोबांच्या काळात असलं काही होतं का?

गेम नव्हता, पण फ्री-स्टाइल कुस्ती होती. गिरणगावात नोकरीला असलेल्या कोकणी माणसांनी दारासिंग आणि किंगकाँग यांची नावं गावी आणली. किंगकाँग म्हणजे एमिल चाया, जन्माने हंगेरियन. १९६८ साली मुंबईत दारासिंगने अमेरिकन पैलवान लू थेझला हरवलं. आजोबा मंडळी अजून त्या लढतींवर तावातावाने बोलतात. एखाद्या आजोबांना विचारा, सगळं ठरलेलं असायचं का? उत्तर ऐकण्यासारखं असतं.

पण ही नुरा कुस्तीच ना? ठरवून केलेल्या लढतीत रस कसा वाटतो?

घरच्यांचा हा नेहमीचा आक्षेप. घाटावरच्या माणसाने हा प्रश्न विचारला तर मी समजू शकतो. कोल्हापूर-सांगलीकडे तालीम आहे, माती आहे, तिथे कुस्ती चितपट झाली पाहिजे आणि ठरवून झाली तर ती फसवणूक. ते अगदी योग्यच आहे. मातीतल्या कुस्तीचा आणि या गेमचा काही संबंध नाही, तो कोणी जोडूही नये.

आपल्याकडे, विशेषतः सिंधुदुर्गात, ठरलेला शेवट बघायला रात्रभर बसणारी माणसं आहेत. दशावतार बघत वाढलेल्या माणसाला बुकिंग समजावून सांगावं लागत नाही.

कार्तिकी पौर्णिमेनंतर जत्रा सुरू होतात. पार्सेकर, मोचेमाडकर, आरोलकर, वालावलकर अशा मंडळ्या गावोगावच्या देवळांत उभ्या राहतात. आधी पूर्वरंग, त्यात संकासुर येतो, मग आख्यान. लिहिलेली संहिता नसते. रंगपटात तोंडाला रंग लावता लावताच आज कुठलं आख्यान, राजा कोण, राक्षस कोण, स्त्रीपार्ट कोणाचा हे ठरतं. त्यानंतर भाषणं जागच्या जागी सुचतात. राक्षस मरणार हे देवळातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. तरी मृदंग आणि झांज चढली की युद्धाला लोक पुढे सरकतात. राजपार्टीचा आवाज बसलेला असेल तर त्याचं भाषण आटोपतं घेऊन खलनायकाला जास्त वाव दिला जातो. प्रेक्षक पेंगायला लागले की हास्यरसाचा प्रवेश लांबतो. हे सगळं बुकिंग आहे. 'रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा' असं दशावतारी कलाकाराबद्दल म्हणतात. पेटारा उचलून पुढच्या गावी चालू लागणारा तो माणूस आणि छोट्या कंपनीत एका शोच्या बिदागीवर लढणारा पैलवान, दोघांचं जिणं मला फार जवळचं वाटतं.

वेंगुर्ल्याकडच्या एका खेळाडूने पहिल्याच महिन्यात आपल्या छोट्या कंपनीचे शो इतके चांगले लावले की आम्ही चकित झालो. त्याचे वडील एका मंडळीत पेटी वाजवायचे आणि तो लहानपणी रंगपटातच झोपायचा. त्याने सांगितलं, "शेवटाक मोठो माणूस आणि त्येच्या आदी हसवणारो, ह्या माका कोणी शिकवूक नाय."

रत्नागिरीकडची माणसं हेच नमन आणि जाखडी या तिकडच्या लोककलांबद्दल सांगतात. जाखडीत शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर आले की सवाल-जवाबातून वैर कसं तापवायचं, हे त्यांना कळतं. गेममध्ये दोन पैलवानांचं वैर तापवताना त्यांचा हात हमखास चांगला असतो.

थ्रीडी गेम असताना नुसत्या शब्दांचा गेम का रुजला?

कारण तो आपल्याकडच्या कॉम्प्युटरवर चालायचा. २००२ मध्येच डब्ल्यूडब्ल्यूएफ रॉ नावाचा थ्रीडी गेम पीसीवर आला होता आणि पोरांना तो हवा होता. पण त्याला ग्राफिक्स कार्ड लागायचं. मुंबईत जुना झाला म्हणून गावी धाडलेला कॉम्प्युटर ते कुठून आणणार? ईडब्ल्यूआरला काहीच लागत नव्हतं, इंटरनेटसुद्धा नाही.

शिवाय तो थांबवता यायचा. मारामारीचा गेम अर्ध्यात वीज गेली की वाया. इथे एक शो लावला, सेव्ह केला, वीज गेली तर कंदील लावून वहीत पुढच्या महिन्याचं ठरवत बसायचं. भारनियमनाच्या वर्षांतल्या अशा वह्या कित्येकांकडे अजून आहेत. देवगडच्या एका घरी मी एक पाहिली. आंब्याच्या पेट्यांचा हिशोब पुढून, आणि मागून उलट्या बाजूने कार्ड. पेन्सिलीने नावं, खोडून दुसरी नावं, आणि एका पानावर मोठ्या अक्षरात: 'लेस्नरला एवढ्यात हरवू नये.' ब्रॉक लेस्नर हा पैलवान मार्च २००२ मध्ये टीव्हीवर आला होता, तेव्हा वही साधारण कुठल्या काळातली ते लक्षात येतं.

आमच्या सीडीतली माणसं वर्षानुवर्षं तीच राहिली. असं का?

कारण नवा डेटा, म्हणजे पैलवानांची ताजी यादी, गावापर्यंत येत नव्हता. बाहेरच्या जगात चाहते ताज्या याद्या तयार करून वाटत होते. आपल्याकडे एकदा सीडी आली की पुढचा चाकरमानी येईपर्यंत तोच डेटा. टीव्हीवर पिढी बदलली तरी पडद्यावर २००२च चालू.

त्यातून लोक एडिटर, म्हणजे गेममधली माणसं आणि आकडे बदलायची सोय, शिकले. आणि एडिटर शिकवला तो खलीने. एप्रिल २००६ मध्ये द ग्रेट खली टीव्हीवर आला आणि आल्याआल्या अंडरटेकरवर चालून गेला. जुलै २००७ मध्ये तर तो वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला. तो आपल्या गेममध्ये नाही हे पोरांना सहन होईना. मग एडिटर उघडून त्याला घालायचं ठरलं आणि मालवणच्या एका कंपूत त्यावरून दोन दिवस वाद झाला. एक बाजू म्हणाली, आपला माणूस आहे, सगळीकडे ९५ टाका. दुसरी म्हणाली, वेग आणि तंत्र प्रामाणिकपणे कमी टाका, ओव्हरनेस भरपूर द्या, मग बघा काय होतं. शेवटी दुसऱ्या बाजूचं ऐकलं. तो खली आपल्या जिवावर कधी चांगली लढत देऊ शकला नाही, पण एखाद्या कसबी पैलवानासमोर उभा केला की स्टेडियम डोक्यावर घ्यायचा. टीव्हीवर जे चाललं होतं तेच. ओव्हरनेस म्हणजे काय हे त्या पोरांना कायमचं कळलं.

सायबर कॅफेतून कोणाला सापडला का?

फार थोड्यांना. तासाच्या हिशोबाने पैसे आणि डायल-अपचा वेग, त्यात काही उतरवणं म्हणजे खिसा रिकामा. चिपळूणच्या एकाने तुकड्या-तुकड्याने उतरवल्याचं सांगितलं आहे. रत्नागिरीत कॉलेजला असलेल्या काही जणांना तो असा मिळाला. २००५ नंतर पेन ड्राइव्ह आले आणि हा प्रश्नच संपला.

इंग्रजी कच्चं असताना हा गेम कसा जमला?

आकडे वाचता येत होते. बाकीचं एक जण वाचून सांगायचा. आज चांगलं इंग्रजी बोलणारे दोघे-तिघे मला सांगतात की 'मोराल' आणि 'कॉन्ट्रॅक्ट' हे शब्द त्यांना वर्गात नव्हे, इथे भेटले.

मुली खेळायच्या का?

हो, आणि त्यांच्या आठवणी कोणी विचारत नाही म्हणून पुढे येत नाहीत. गणपतीच्या त्या घोळक्यांत बहिणीही असायच्या. दापोलीच्या एका ताईने भाऊ मुंबईला नोकरीला गेल्यावर त्याचा सेव्ह गेम पुढे चालवला आणि कर्जात असलेली कंपनी दोन हंगामांत वर काढली. पगार मोठे झाले होते ते तिने कमी केले, म्हाताऱ्या नावांचे करार संपू दिले, आणि ज्यांना भाऊ कधी कार्डवर घेत नव्हता अशा कसबी पैलवानांना वर आणलं. तिच्या बुकिंगबद्दल मला मनापासून आदर आहे.

मोबाईलवर खेळणाऱ्यांना यात धरायचं का?

जरूर धरायचं. आज पंचविशीच्या आत असलेल्यांना विचाराल तर बहुतेकांचं उत्तर रेसलिंग रिव्होल्यूशन असतं. मॅट डिकी या एकट्या ब्रिटिश डेव्हलपरने केलेला तो गेम २०१२ मध्ये मोबाईलवर आला, त्यानंतर त्याची थ्रीडी आवृत्ती आली. साध्या फोनवर चालणारा, आकाराने लहान. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यावर तो वाडी-वाडीत पसरला. त्याआधी तो शेअर करणाऱ्या अ‍ॅपने या फोनमधून त्या फोनमध्ये जायचा. सीडीचं काम फोनने चालू ठेवलं.

त्यात हाताने लढता येतं, म्हणून जुने लोक नाक मुरडतात. मला ते पटत नाही. त्यातही बुकिंगचा मोड आहे, कंपनी चालवता येते, आणि तिथूनच कित्येक जण टीईडब्ल्यूकडे आले. डिकीचा २०२१चा रेसलिंग एम्पायरही बघावा.

फायर प्रो रेसलिंग सिम्युलेशन आहे का?

जपानी मालिका, पहिला गेम १९८९चा. त्यात पैलवानाचं वागणं आकड्यांनी ठरवून, आपण हात न लावता दोघांची लढत बघता येते. त्या अर्थाने आहे. पण २०१७ मध्ये फायर प्रो रेसलिंग वर्ल्ड स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात येईपर्यंत आपल्याकडे तो खेळलेला माणूस मला भेटला नाही.

लॉकडाऊनमध्ये इतके नवे लोक कसे आले?

२०२० मध्ये चाकरमानी गावी परतले आणि महिनोन्‌महिने राहिले. लॅपटॉप आले. ज्यांनी सतरा-अठरा वर्षांपूर्वी सीडी आणली होती ते आता चाळिशीत होते, आणि त्यांची पोरं घरात कंटाळलेली. टीईडब्ल्यूची २०२०ची आवृत्ती त्याच वर्षी आली. बापाने पोराला शिकवलं, काही घरांत काकाने पुतणीला.

मग ३ जूनला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगड पट्ट्यात माडा-पोफळीच्या बागा झोपल्या, कित्येक दिवस वीज नव्हती. त्या दिवसांत गेम खेळायला कोणाकडे सवड नव्हती, आधी छपरं उभी करायची होती. त्या भागातले लोक नंतर, पावसाळा सरताना आले, म्हणून त्यांच्या आठवणींत साल २०२० असूनही महिना ऑक्टोबर-नोव्हेंबर सापडतो.

टीईडब्ल्यूमध्ये खरी नावं का नाहीत?

विकत द्यायचा गेम असल्यामुळे खऱ्या कंपन्यांची आणि पैलवानांची नावं वापरता येत नाहीत. म्हणून रायलंडने एक आख्खं कल्पित जग तयार केलं, त्याला कॉर्नेलव्हर्स म्हणतात. टॉमी कॉर्नेल या त्यातल्या पात्रावरून ते नाव आलं. खरी नावं हवी असतील तर चाहत्यांनी केलेले मॉड, म्हणजे गेममध्ये घालायचा बदललेला डेटा, असतात.

नवीन माणसाने आधी कॉर्नेलव्हर्सच खेळावं असं माझं मत आहे. खऱ्या नावांबद्दल आपल्या मनात आधीच ग्रह असतात. अनोळखी नावांकडे बघताना आकडे नीट वाचले जातात आणि एखाद्या कोऱ्या पोराला मोठं करण्यात जो आनंद आहे तो मिळतो.

कोकणातल्या कंपन्यांचा डेटाबेस करता येईल का?

एडिटरमधून कंपन्या, माणसं, पट्टे, सगळं नवीन करता येतं. काहींनी केलंयही: जत्रांच्या हंगामात शो करणारी एक कंपनी मालवणची, एक देवगडची, दोघींत वैर. करताना दोन गोष्टी पाळा. सगळ्यांना मोठे आकडे देऊ नका, नाहीतर चढायला जागाच उरत नाही. छोट्या कंपनीत ३० लोकप्रियतेचा माणूस हा राजा असतो. आणि गावातल्या खऱ्या माणसांची नावं घालू नका. दारूचं व्यसन, मारकुटा स्वभाव अशा खुणा गेममध्ये माणसाला लावता येतात, आणि फाइल फिरत फिरत त्याच माणसाच्या फोनवर जाते.

जुनी आवृत्ती आज मिळते का? कुठून सुरुवात करावी?

ईडब्ल्यूआर पहिल्यापासून फुकट आहे. टीईडब्ल्यूची २००५ची आवृत्तीही पुढे फुकट करण्यात आली. या दोन्ही विंडोजवर चालतात. नव्या आवृत्त्या विकतच्या आहेत, पण आधी ठरावीक काळापुरता डेमो खेळून बघता येतो. ज्यांना फक्त आठवण ताजी करायची आहे त्यांनी ईडब्ल्यूआर घ्यावा. खरोखर शिकायचं असेल तर टीईडब्ल्यू २००५ने सुरू करा, एक छोटी कंपनी घ्या आणि पहिले सहा महिने फक्त पैसे शिल्लक राहतील एवढंच बघा.

सेव्हच्या फोल्डरची एक प्रत दर आठवड्याला दुसरीकडे ठेवा. शो चालू असताना वीज गेली आणि फाइल बिघडली, अशी तक्रार आपल्याकडे जुन्या कॉम्प्युटरवाल्यांकडून अजूनही येते. इन्व्हर्टर असला तरी पावसाळ्यात हे करा.

घरात जुनी सीडी सापडली, पण पांढरे डाग पडलेत. काय करू?

आपल्या हवेत सीडीला बुरशी धरते. मऊ सुती कापड किंचित ओलं करून मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. पूर्ण वाळली की मगच ड्राइव्हमध्ये घाला. चालली तर लगेच सगळं कॉपी करून घ्या, दुसऱ्यांदा चालेलच असं नाही. त्यात जुना सेव्ह गेम असेल तर तो गेमपेक्षा मोलाचा आहे. गेम कुठेही मिळेल, तुमच्या दादाने २००३ मध्ये कोणाला चॅम्पियन केलं होतं ते दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

मला माझी आठवण लिहायची आहे. काय काय लिहू?

गेम कोणी दिला, कुठल्या गावात, कोणाच्या कॉम्प्युटरवर, साधारण कुठल्या सणाला किंवा सुट्टीत. सोबत कोण कोण होतं. पहिली कंपनी कुठली घेतली आणि पहिला पट्टा कोणाला दिला. साल नक्की आठवत नसेल तर तेव्हा टीव्हीवर चॅम्पियन कोण होता ते लिहा, त्यावरून साल काढता येतं. वही शिल्लक असेल तर तिच्या पानांचे फोटो काढा, पुढून असलेल्या हिशोबाच्या पानांसकट.